‘टॅब म्हणजे चैन’ असं कोणी म्हणालं म्हणून फाइल बंद करू नका

पत्र थोडक्यात असं आहे. पुण्यात धायरीतल्या एका ताईंची मुलगी १० वर्षांची, सेरेब्रल पाल्सी आहे (मेंदूतल्या बिघाडामुळे शरीराच्या हालचालींवर नीट ताबा राहत नाही), महापालिकेच्या शाळेत चौथीत जाते. ऐकू नीट येतं, समजतं सगळं, पण तोंडातून जे आवाज निघतात ते घरच्यांशिवाय कोणाला कळत नाहीत. उजव्या हाताचं एक बोट सावकाश का होईना पण हवं तिथे टेकवता येतं. स्पीच थेरपिस्टनी सांगितलंय की हिला बोलून दाखवणारं साधन द्या, म्हणजे चित्रावर किंवा शब्दावर बोट ठेवलं की ते मोठ्याने बोलतं. ताईंनी चौकशी केली तर एका विक्रेत्याने नजरेवर चालणाऱ्या परदेशी मशिनचा भाव साडेतीन लाख सांगितला. मिस्टरांचा पगार २६ हजार. मदतीसाठी एका सरकारी ऑफिसात गेल्या तर टेबलावरचा माणूस म्हणाला, "व्हीलचेअर पाहिजे असेल तर बोला, टॅब म्हणजे चैन, त्याला पैसे नसतात." सासूबाईंना वाटतं मशिन हातात दिलं की पोरगी बोलायचा प्रयत्नच सोडेल. मिस्टर म्हणतात सरकारपुढे हात पसरायचे नाहीत, तुझ्या पाटल्या गहाण टाकू. ताई विचारतात, "पाटल्या गहाण टाकू की सरकारची वाट बघू? आणि खरं सांगू का, मला तिचं सगळं कळतं, मग हे मागणं जास्तीचं तर होत नाहीये ना? कितीतरी लेकरांना साधी कुबडी मिळत नाही."

ताई, तुमचं पत्र दोन-तीनदा वाचलं आणि दर वेळी मी शेवटच्या वाक्यावर अडले. पैशाचं सगळं सांगते, सविस्तर सांगते, पण आधी त्या "मला तिचं सगळं कळतं" बद्दल बोलूया कारण माझ्या मते गाडी तिथेच अडलीये.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. रिटायर झाल्यावर अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि भाषा गेली. एकच शब्द उरला, "नाही". चहा हवा असेल तरी नाही, नको असेल तरी नाही. नोव्हेंबर महिना होता, ते उठून भिंतीवरच्या कालनिर्णयपाशी जायचे आणि डाव्या हाताने त्यावर थापा मारायचे. आम्ही तारीख सांगितली, आज एकादशी नाहीये म्हणून सांगितलं, चष्मा दिला, शेवटी कॅलेंडर काढून हातात दिलं तर त्यांनी ते फेकून दिलं आणि रडायला लागले. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी थेरपिस्टबाईंनी एका कार्डबोर्डवर बारा चौकोन आखले, दवाखाना, औषध, बँक, देव, मुलगी असे शब्द आणि बाजूला चित्रं, आणि बोर्ड त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी बोट बँकेवर ठेवलं आणि मग परत कॅलेंडरकडे बघितलं. हयातीचा दाखला! नोव्हेंबरात बँकेत द्यायचा असतो, नाहीतर पेन्शन थांबते, आणि घरात ते एकाच्याही लक्षात नव्हतं. त्यांना मात्र पक्कं माहीत होतं. माझी आई एक्केचाळीस वर्षं त्यांच्याबरोबर राहिलेली बाई, ती त्या दिवशी ओट्याशी उभी राहून एवढंच म्हणाली, "मला वाटायचं ह्यांचं मला न बोलता कळतं."

तुम्हाला मुलीचं कळतं यात मला जराही शंका नाही, भूक लागली, शी आली, पाय दुखतोय, हे तुम्ही तिच्या नजरेवरून ओळखत असाल. पण तुम्हाला कळतं ते तुमच्या अंदाजात आधीपासून असलेलं. जे तुमच्या डोक्यात आलंच नाही ते ती तुम्हाला कसं सांगणार? वर्गात कोणी चिमटा काढला, रिक्षावाल्या काकांचं वागणं आवडलं नाही, काल टीव्हीवर दाखवलेला तो ग्रह खरंच एवढा मोठा असतो का, यातलं काहीच हो-नाहीच्या खुणांमध्ये मावत नाही. आणि शाळेच्या बाईंना, डॉक्टरांना, उद्या हॉस्टेलच्या मावशींना तुमच्यासारखी नजर वाचता येणार नाही. दहा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या अंगावर काय झालं ते घराबाहेरच्या माणसाला सांगता आलं पाहिजे, मला हे कारण एकटंसुद्धा पुरेसं वाटतं. तेव्हा जास्तीचं काही मागत नाही आहात तुम्ही. कुबडीवाल्या लेकराचा हक्क तुमच्यामुळे मारला जात नाही, त्याला कुबडी मिळाली पाहिजे आणि हिला आवाज मिळाला पाहिजे, दोन्ही एकाच कायद्यात लिहिलंय.

सासूबाईंची भीती खोटी नाही, खूप आज्या हेच म्हणतात आणि प्रेमापोटी म्हणतात. त्यांना सांगा की यावर अभ्यास झालेत. २००६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, त्यात भक्कम पुरावा असलेल्या २७ जणांपैकी ८९ टक्के जणांचं तोंडी बोलणं अशा साधनांनंतर थोडंफार वाढलं, बाकीच्यांचं होतं तसंच राहिलं आणि एकाचंही कमी झालं नाही. कारण साधं आहे, आपलं म्हणणं समोरच्यापर्यंत पोचलं की बोलावंसं वाटतं. सासूबाईंनाच पहिल्या दिवशी मुलीशेजारी बसवा आणि पहिला शब्द "आज्जी" ठेवा.

आता मिस्टरांचं. स्वाभिमानी माणूस आहे, २६ हजारांत घर चालवतो, हात पसरायचे नाहीत म्हणतो ते मला समजतं. पण अहो, महापालिकेच्या शाळेत मुलगी जाते तेव्हा आपण हात पसरतो का? पोलिओचे थेंब पाजले तेव्हा पसरले होते का? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यात वाचा आणि भाषा दोष, सेरेब्रल पाल्सी धरून २१ प्रकारचं दिव्यांगत्व मोजलंय, आणि संवाद म्हणजे काय याच्या व्याख्येतच बोलण्याला पूरक आणि पर्यायी पद्धती घातल्यात. कलम १७ शिक्षणाबद्दल आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला १८ वर्षांपर्यंत योग्य सहायक साधनं मोफत द्यायची जबाबदारी त्यात सरकारवर आणि स्थानिक संस्थांवर टाकलीये, आणि ज्यांना बोलण्याची अडचण आहे त्यांच्यासाठी पर्यायी संवादाला चालना द्या असंही वेगळं लिहिलंय. त्या ओळीत आईबापाच्या उत्पन्नाची अट नाही. मिस्टरांना हे कलम वाचायला द्या, त्यांना हात पसरणं आणि हक्क सांगणं यातला फरक माझ्यापेक्षा लवकर कळेल.

आणि तो टेबलावरचा माणूस "चैन" म्हणाला ना, ते तो एकटाच म्हणत नाही. अमेरिकेत मेडिकेअर नावाची सरकारी विमा योजना आहे, तिच्यातही २००० सालापर्यंत बोलणारी मशिन्स "सोयीची वस्तू" म्हणून नाकारली जायची, १ जानेवारी २००१ पासून ती वैद्यकीय उपकरणं म्हणून मान्य झाली, तीसुद्धा वापरणाऱ्या माणसांनी आणि त्यांच्या थेरपिस्टनी सारखं मागे लागून दाखवून दिल्यावर की याच्याशिवाय आमचं अडतं. आपल्याकडेसुद्धा केंद्र सरकारच्या ॲडिप योजनेत अंध व्यक्तींना स्क्रीन वाचून दाखवणारा स्मार्टफोन साहित्य म्हणून दिला जातो. अंध मुलाचा फोन चैन नाही तर तुमच्या मुलीचा टॅब चैन कसा? पुढच्या वेळी हे शांतपणे विचारा. भांडू नका, विचारा.

पण पाटल्या काढू नका, ताई. हे मी ठामपणे सांगते. नजरेवर चालणारं मशिन कोणासाठी असतं, तर ज्यांचे हात अजिबात चालत नाहीत त्यांच्यासाठी, मोटर न्यूरॉनच्या आजारातले पेशंट वगैरे. तुमच्या मुलीचं बोट चालतंय, सावकाश चालतंय तर सावकाश. तिला साधा दहा इंची अँड्रॉइड टॅब, त्याला जाड कव्हर, आणि बोट भलत्या चौकोनात घसरू नये म्हणून वरून भोकं पाडलेली प्लॅस्टिकची जाळी, एवढ्यावर भागण्याची खूप शक्यता आहे. सॉफ्टवेअरमध्ये आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ ॲप फुकट आहे आणि मराठीत आहे, चेन्नईत तयार झालेलं ‘आवाज’ नावाचं ॲप आहे. विक्रेत्याने जे दाखवलं ते त्याच्याकडे विकायला होतं. तुमच्या मुलीला काय लागतं ते थेरपिस्ट ठरवेल. धायरीहून धनकवडी लांब नाही, तिथे भारती विद्यापीठाचं ऑडिओलॉजी आणि स्पीचचं कॉलेज आहे, तुमच्या नेहमीच्या थेरपिस्टना एएसी, म्हणजे बोलण्याला पूरक आणि पर्यायी संवादाचं हे तंत्र, फारसं येत नसेल तर अशा ठिकाणी एकदा नीट असेसमेंट करून घ्या.

आणि सरकारची वाट बघत हातावर हात धरूनही बसू नका, हे दोन्ही एकदम चालतं. आजच तुमच्या फोनवर फुकटचं ॲप टाका. सोबत कागदी बोर्ड करा, झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशन करून मिळतं, टॅब आला तरी तो बोर्ड लागतोच कारण चार्जिंग संपतं, अंघोळीला टॅब नेता येत नाही. शब्द निवडताना मात्र सगळे जण एक चूक करतात, मीही केली होती, नुसती नावं भरतात, पाणी, केळं, बाहुली, गाडी. मग मूल फक्त वस्तू मागतं. तुम्ही "अजून", "नको", "थांब", "का", "मला", "तू", "संपलं", "चिडले", "कंटाळा आला", "मला विचारा" हे घाला. आणि "गप्प बसा" पण घाला, दहा वर्षांच्या मुलीला ते म्हणता यायलाच पाहिजे. अजून एक, ॲप "मी जातो" म्हणत असेल तर बदलून "मी जाते" करा, बोट तिचं असेल तर आवाज आणि क्रियापदही तिचंच पाहिजे. आणि नुसतं तिच्यापुढे ठेवून "बोल" म्हणू नका, तुम्ही स्वतः बोलताना त्यावर बोट ठेवून दाखवा, बाळ बोलायला शिकतं ते आधी वर्षभर ऐकूनच ना. हे महिनाभर करा आणि वहीत रोज दोन ओळी लिहा, आज कुठला शब्द स्वतःहून दाबला, कोणाशी बोलली. ही वही पुढे अर्जाला जोडायचीये.

आता कागद. यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारचं दिव्यांग ओळखपत्र, काढलेलं असेल असं धरते, नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरा, पुण्यात ससून किंवा औंधचं जिल्हा रुग्णालय इथे तपासणी होते. कार्ड असेल तर ते आत्ता हातात घेऊन बघा त्यावर काय लिहिलंय. बऱ्याच मुलांच्या दाखल्यावर फक्त हातापायांचं दिव्यांगत्व लिहिलेलं असतं, बोलण्याचं कोणी तपासलेलंच नसतं, आणि मग समोरचा म्हणतो यात बोलता येत नाही असं कुठे लिहिलंय. तसं असेल तर वाचा आणि भाषेचीही तपासणी करून दाखला सुधारून द्या असा अर्ज करा. एक फेरी वाढेल, पण पुढच्या दहा वाचतील.

दुसरा कागद म्हणजे थेरपिस्टचा रिपोर्ट, आणि याच्यावर सगळं ठरतं. "पेशंटला टॅबची गरज आहे" एवढ्या एका ओळीच्या चिठ्ठीवर पैसे मिळत नाहीत. रिपोर्टमध्ये हिचं बोलणं अनोळखी माणसाला किती कळतं, समज कशी आहे, कुठल्या बोटाने कसं निवडते, कुठली साधनं वापरून बघितली, कागदी बोर्ड एकटा का पुरत नाही, आणि साधन मिळाल्यावर शिकवणार कोण, हे सगळं पाहिजे. थेरपिस्टचा आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी क्रमांक पाहिजे. आणि अर्जात "टॅब मिळावा" असं लिहू नका हो, लिहा, "माझी मुलगी वाचादोषामुळे शाळेत उत्तर देऊ शकत नाही, दुखलं-खुपलं शिक्षकांना सांगू शकत नाही, तिला आवाज निर्माण करणारं संवादाचं सहायक साधन, त्यात बसवलेल्या मराठी सॉफ्टवेअरसह आणि वापराच्या प्रशिक्षणासह मिळावं." टॅब शब्द कोटेशनमध्ये येऊ दे. प्रशिक्षणाचं मी मुद्दाम म्हणतेय, कारण साधन मिळून कपाटात पडलेली घरं मी पाहिलीयेत, शिकवणारं कोणी नव्हतं म्हणून.

अर्ज कुठे करायचा? पहिला शाळेतून. समग्र शिक्षा अभियानात विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी वेगळी तरतूद असते आणि साहित्यासाठी मोजमाप शिबिरं होतात, मुख्याध्यापकांना आणि समावेशित शिक्षणाचं काम बघणाऱ्या विशेष शिक्षकांना भेटून पुढचं शिबिर कधी ते विचारा, आणि शिबिराची वाट न बघता लेखी मागणी देऊन ठेवा, कलम १७ चा उल्लेख करून. दुसरा महापालिकेत, समाज विकास विभागात. धायरी आता महापालिकेत आहे, तेव्हा तिथला हक्क तुमचा आहे. स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, आधी हे ३ टक्के होते, त्यातून साहित्यासाठी मदत देतात, अटी आणि तारखा बदलत असतात म्हणून ऑफिसात जाऊन या वर्षीचा छापील फॉर्म बघूनच कागद गोळा करा. ग्रामीण भागातल्या वाचकांनी हेच जिल्हा परिषदेत विचारायचं. तिसरा ॲडिप. तिथे महिना २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर पूर्ण आणि ३०,००० पर्यंत असेल तर निम्मी मदत मिळते, तुमचे २६ हजार निम्म्यात बसतात. पण त्यात साहित्याच्या किमतीला मर्यादा आहे, लाखांतलं मशिन त्यात बसणार नाही, म्हणूनही साधं साधन मागणं शहाणपणाचं. खूप जणांना वाटतं आधी शिबिरात व्हीलचेअर घेतली म्हणजे आपला नंबर संपला, तसं नाही, अट त्याच कारणासाठी तीन वर्षांत मदत घेतलेली नसावी अशी आहे आणि १२ वर्षांच्या आतल्या मुलांना ती एकच वर्षाची आहे. मात्र एकाच साधनासाठी दोन ठिकाणचे पैसे घ्यायचे नाहीत. अर्ज सगळीकडे करा, जिथे आधी मंजूर होईल तिथलं घ्या, बाकीच्यांना कळवा.

थेरपीच्या खर्चासाठी नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना बघा, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मतिमंदत्व आणि बहुविकलांगत्व असणाऱ्यांसाठी वर्षाला १ लाखापर्यंतचं कव्हर आहे आणि त्यात थेरपीचाही भाग आहे. साधन त्यातून मिळत नाही, पण शिकवणाऱ्या बाईंची फी थोडी हलकी होते. ज्या वाचकांना इन्कम टॅक्स भरावा लागतो त्यांना जुन्या करप्रणालीत घरातल्या दिव्यांग व्यक्तीच्या खर्चासाठीची (८० डीडी म्हणून ओळखली जाणारी) वजावट मिळते, ७५ हजार, आणि ८० टक्के किंवा पुढचं दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाख.

नाही म्हणाले तर? तोंडी नाही घ्यायचं नाही. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या, आणि नकार दिला तर कारणासहित लेखी द्या म्हणा. त्या दिवशी तुम्हाला जे सांगितलं ते कुठल्याही कागदावर नाही, म्हणून सरकारच्या लेखी तुम्ही अजून अर्ज केलेलाच नाही आणि कोणी नाकारलेलाही नाही, हे लक्षात घ्या. लेखी नकार आला किंवा दोन महिने उत्तरच आलं नाही तर दिव्यांग कल्याण आयुक्तालय इथेच आहे, आपल्या पुण्यात, चर्च रोडला. अख्ख्या महाराष्ट्रातून लोक रात्रीची एसटी पकडून तिथे येतात, आपल्याला तर पीएमपीच्या बसने जाता येतं. कायद्याप्रमाणे राज्य आयुक्तांकडे तक्रार करता येते, साध्या कागदावर, वकील लागत नाही. जाताना मुलीला आणि ते फोनवरचं ॲप सोबत घेऊन जा, बोलू दे तिला तिथे.

एक शब्द बाकीच्यांसाठी, ज्यांच्या घरात लहान मूल नाही पण झटक्याने वाचा गेलेले आईवडील आहेत. ॲडिपला वयाची अट नाही, दिव्यांगत्वाचा दाखला ज्येष्ठांनाही मिळतो, फक्त घरातलं कोणी "आता या वयात काय" म्हणून तो काढायला नेत नाही. कृपा करून न्या.

ताई, तुमचं पहिलं काम सोमवारी शाळेत जाऊन अर्ज देणं. शनिवार-रविवारी ॲपमध्ये शब्द भरा, मिस्टरांना फोटो काढायला लावा, घरातल्या प्रत्येकाचा एक आणि तिच्या बाईंचा एक. आणि कुठले शब्द हवेत ते मुलीला विचारून घाला, तुमची यादी वाचून दाखवा, ती मान हलवेल तो ठेवा, नाही म्हणेल तो काढा. पोच मिळाली की आवक नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि मला कळवा, पुढचा अर्ज आपण मिळून लिहू.